जुना पंप पुन्हा हवा धरतो

पिढीजात घराचा माळा आवरताना कधी कधी एखादी जुनी विलायती सायकल हाती लागते. सीटचे कातडे फाटलेले, घंटी गंजलेली. पण फ्रेमच्या नळीला समांतर बसवलेला लांबट पंप मात्र आपल्या दोन खुंट्यांमध्ये जसाच्या तसा असतो. घरातील मुले तो कुतूहलाने काढतात, मूठ ओढतात आणि दाबतात. मूठ कसलाही विरोध न करता आत जाते. दुसऱ्या टोकाला हवेची झुळूकही जाणवत नाही. “पंप गेला,” असा निकाल लागतो आणि तो भंगाराच्या पोत्यात पडतो.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. अशा पंपाचे नळकांडे, दांडा, मूठ, टोपण हे सारे भाग सहसा धडधाकट असतात. निकामी झालेली असते ती नाण्याएवढी एक मऊ वाटी. ती बदलता येते. किंबहुना ती बदलली जावी, अशाच हिशेबाने मूळ कारागिराने पंपाची रचना केलेली असते.

1888 साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि त्यानंतर सायकलस्वाराला पंप सोबत बाळगणे अपरिहार्य झाले. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळील वॉल्स्टन गावी ब्लूमेल्स कंपनीच्या कारखान्यात तयार होणारे सेल्युलॉइडचे हलके पंप विशेष नावाजले गेले. 15 इंची आणि 18 इंची ही त्या काळच्या पंपांची परिचित मापे. रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. अशा इंग्रजी सायकली आपल्याकडे आल्या, तेव्हा फ्रेमला अडकवण्याचा पंपही त्यांच्यासोबत आला. दोन गावांमधल्या ओसाड वाटेवर चाक बसले, तर शिक्षकाला किंवा टपालवाल्याला त्याच्याखेरीज दुसरा आधार नसे.

या पंपाचे अंतरंग समजण्यासाठी वातीऐवजी हवेच्या दाबावर चालणारा जुना पितळी स्टोव्ह आठवावा. स्टोव्ह हवा धरेनासा झाला की घरातील वडीलधारी माणसे त्याचा दांडा बाहेर काढून टोकावरील वॉशरला तेलाचे दोन थेंब लावीत. सायकल दुकानदार ज्याला ‘वायसर’ म्हणतात, तो हाच. त्याचा आकार उथळ वाटीसारखा असतो आणि वाटीचे तोंड हवा बाहेर पडण्याच्या दिशेला असते. मूठ दाबली की कोंडलेल्या हवेने वाटीची कड फुलते, नळकांड्याला घट्ट चिकटते आणि हवा पुढे ढकलली जाते. मूठ ओढली की तीच कड आत मुडपते आणि तिच्या बाजूने बाहेरची हवा नळकांड्यात शिरते. दट्ट्या आणि झडप ही दोन्ही कामे एकच वाटी करते. भरलेली हवा उलट येऊ न देण्याचे काम ट्यूबच्या व्हॉल्व्हकडे असते.

ही वाटी कोरडी पडून आक्रसली की मनगटात कितीही बळ असले तरी व्यर्थ. नळकांड्याचा आतील व्यास 22 मिलिमीटर धरला, तर वाटीचे क्षेत्रफळ सुमारे 3.8 चौरस सेंटिमीटर होते. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 3.5 किलो दाब हवा असेल, तर अखेरच्या दाबांना हाताला सुमारे 13 किलोचा जोर लागतो. एवढा जोर त्या पातळ कडेवर तोलला जातो. कडेला एक चीर असली तरी हवा तेथूनच मागे निसटते.

दुरुस्तीची सुरुवात मुठीकडील टोपणापासून होते. त्याचे आटे गंजाने किंवा मळाने धरलेले असतील, तर तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबावे. येथे उतावीळपणा महागात पडतो. नळकांडे पक्कडीत किंवा व्हाइसमध्ये आवळले तर चेपते. एकदा पोचा आला की नवी वाटीही तेथे हवा सोडते. हाताला पकड मिळण्यासाठी नळकांड्याभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणे पुरेसे असते. सेल्युलॉइडच्या पंपाजवळ ज्योत कदापि नेऊ नये. हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतो व क्षणात पेट घेतो. तो बोटाने चोळून उबदार केला, तर कापराचा मंद वास आजही येऊ शकतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावाने तो विरघळतो, म्हणून स्वच्छतेसाठी ओलसर मऊ कापडच बरे.

दांडा बाहेर आला की टोकावरील नट, चकती, वाटी आणि मागची आधाराची चकती ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडाव्यात. वाटीचे तोंड कोणीकडे होते, याची खूण करून ठेवावी. जुनी वाटी बहुधा चामड्याची असते. ती केवळ वाळलेली असेल, तर तेलात रात्रभर मुरवून बोटांनी कड फुलवल्यावर पुन्हा कामास येते. खाद्यतेल मात्र काही महिन्यांत चिकट होते, हे ध्यानात ठेवावे. चीर गेली असल्यास नवी वाटी आणावी लागते. आपल्या कुटुंबांतून चामडे टाळले जाते. त्यांच्यासाठी योग्य मापाची रबरी वाटी हा उत्तम पर्याय आहे. रबराला मात्र साधे खनिज तेल लावू नये. त्याने अनेक प्रकारचे रबर फुगते. तेथे सिलिकॉन ग्रीस वापरावे.

माप अंदाजाने घेऊ नये. नळकांड्याचा आतील व्यास व्हर्नियरने मोजावा. वाटीची कड त्याहून किंचित मोठी असावी. फार मोठी वाटी अडकते, लहान वाटी हवा सोडते. नट बेताचा आवळावा, कारण अति आवळल्यास वाटीचा तळ दबून कड वेडीवाकडी होते. ती आत घालताना नळकांड्याच्या तोंडाचे आटे कोवळ्या कडेला कापू शकतात. म्हणून दांडा हलके फिरवत, बोथट लाकडी काडीने कड आत सारत बसवावी. स्क्रू ड्रायव्हरचे तेथे काम नाही.

दुसरा नाशवंत भाग म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारी नळी. काही पंपांत ती मुठीच्या पोकळीतच ठेवलेली असते. बाहेरचे कापडी वेष्टन शाबूत दिसले तरी आतील रबर तडकलेले असू शकते. नळीचे मोकळे टोक बोटाने बंद करून ती पाण्यात बुडवावी व पंप दाबावा; बुडबुडे दोष दाखवून देतात. नवी नळी घेताना आट्यांची खात्री करावी. जुने इंग्रजी आटे इंचाच्या मापाचे असतात. मेट्रिक मापाचा नवा भाग पहिल्या एकदोन फेऱ्या घेतो आणि मग अडतो. तेथे जोर लावला की मूळ पितळी आटे कायमचे जातात. बदली भागासाठी मूळ भागाचा बळी देणे ही दुरुस्ती नव्हे.

शेवटची परीक्षा सोपी आहे. पंपाचे छिद्र अंगठ्याने घट्ट बंद करावे आणि मूठ दाबावी. वाटी नीट बसली असेल तर हवेच्या गादीवर दाबल्यासारखे वाटते आणि हात सैल करताच मूठ उसळून मागे येते. ती हळूहळू खाली बसत गेली, तर कड पुन्हा तपासावी. पंप हवा धरू लागला की काढलेली जुनी वाटी व चकत्या एका लहान पुडीत घालून, त्यावर मापे लिहून जपून ठेवाव्यात. पुढच्या पिढीला वाटी पुन्हा बदलावी लागेलच; त्या वेळी ती पुडी उपयोगी पडेल.

पंपाचे धातूचे भाग टिकण्यासाठी असतात आणि मऊ भाग झिजण्यासाठी. यांतला भेद ज्याला कळला, त्याच्या घरी एका वाटीपायी आजोबांचा पंप भंगारात जात नाही. तो सायकलीवर आपल्या खुंट्यांमध्ये परत बसतो, आणि नातवाच्या सायकलीचे चाक बसले की घरातला कोणीतरी सहज म्हणतो, “थांब, आजोबांचा पंप आण.”