दिवा आणि मोटार

१६६४ च्या सुरत-स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळच्या ज्या शिरपामाळावर थांबले असे परंपरा सांगते, त्याच्या पश्चिमेस, ह्याच पालघर जिल्ह्याच्या समुद्रकाठी, १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे, तर पूर्वेस मोखाड्याकडे मुंबईची तहान भागविणारे मध्य वैतरणा धरण आहे. वीज आणि पाणी इतके निकट असूनही येथील कितीतरी वारली, कोकणा, ठाकर व कातकरी कुटुंबांना नाचणी-वरईची सुगी आटोपताच वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते.

मग विजेने उत्कर्ष होतो, हे कितपत खरे? विजेचा खप आणि राष्ट्राचे उत्पन्न ही बहुधा बरोबरीने वाढतात. परंतु ह्यांतील कारण कोणते आणि कार्य कोणते, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. उत्पन्न वाढते म्हणून ऊर्जेचा खप वाढतो, असा निष्कर्ष क्राफ्ट आडनावाच्या दोन अभ्यासकांनी १९७८ साली अमेरिकेच्या आकडेवारीवरून काढला. पुढे अन्य देशांच्या अभ्यासांतून ह्याच्या उलट आणि उभयपक्षीही निष्कर्ष निघाले. माझ्या मते ह्या मतभेदाचे एक मर्म विजेच्या विनियोगात आहे.

उदाहरणार्थ, विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल ऊर्जा असते. निम्मी ऊर्जा मोटारीत व पंपात वाया गेली असे धरले, तरी उरलेल्या ऊर्जेने सुमारे ६,००० लिटर पाणी ३० मीटर उंच चढते. म्हणजे पंधरा लिटरचे ४०० हंडे! ह्याच युनिटवर १० वॉटचा दिवा शंभर तास जळेल. त्या उजेडात मुले अभ्यास करतील, आणि तेही मोलाचेच आहे; पण माघात मोगऱ्याची वाडी भिजवून घरातल्या माणसाला घरीच रोजगार देण्याचे सामर्थ्य मोटारीतच आहे. अर्थात मोटारीला विहिरीत पाणी, विकत घ्यायला भांडवल आणि फुलांना बाजारही हवा. नुसत्या तारेने उत्कर्ष होत नाही.

सरकारी व्याख्येप्रमाणे गावातील सार्वजनिक ठिकाणी आणि दहा टक्के घरांत वीज पोहोचली, की गावाचे विद्युतीकरण झाले अशी दप्तरी नोंद होत आली. आता प्रत्येक पाड्याबाबत जानेवारी ते मे ह्या काळात मोटार चालण्याजोगी वीज किती तास मिळाली, किती गुंठे भिजले आणि किती कुटुंबांचे स्थलांतर टळले, ह्याचीही नोंद ठेवण्याची तजवीज व्हावी. कारण ज्याचा हिशेब मागितला जातो, त्याचीच काळजी कारभार घेतो.