विली नेल्सन यांचा ‘स्टारडस्ट’

टेक्सासमधील ॲबट या लहानशा गावी १९३३ साली जन्मलेल्या विली नेल्सन यांनी, पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ मध्ये गाऊन अजरामर केलेले ‘क्रेझी’ हे गीत रचून गीतकार म्हणून मान्यता मिळविली होतीच. परंतु १९७८ साली कंट्री संगीताची रूढ सरहद्द ओलांडून, मागल्या पिढीची लोकप्रिय गीते सोल संगीतातील बुकर टी. जोन्स यांच्या निर्मितीखाली गाण्याचा त्यांनी जो संकल्प केला, तो कोलंबिया कंपनीच्या अंमलदारांना धोक्याचा वाटला. त्यातून साकारलेला ‘स्टारडस्ट’ हा अल्बम मात्र कंट्री अल्बमांच्या लोकप्रियतेच्या यादीत सुमारे दहा वर्षे ठाण मांडून राहिला! तालाच्या किंचित मागेपुढे रेंगाळणारा तो अनुनासिक स्वर आणि ‘ट्रिगर’ या नायलॉन तारांच्या जीर्ण गिटारीची साथ, या दोहोंच्या संयोगातच मला त्यांच्या प्रतिभेचे मर्म आढळते. या अल्बममधील ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे गीत रसिकांनी अवश्य ऐकावे.