लोकगीत, लोकगायक आणि पुरस्कार : कॅनडातील एका संज्ञेचा विचार

लोकगीताची जी व्याख्या विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासकांत सामान्यतः मान्य झाली, तिच्यात कर्त्याच्या नावाला स्थान नाही. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली साओ पाउलो येथे सातत्य, परिवर्तन आणि निवड अशी तीन लक्षणे सांगितली. गीत मागच्या पिढीकडून आलेले असावे, गाणाऱ्यागणिक ते थोडेथोडे पालटावे आणि त्याचे कोणते रूप टिकावे हे समाजाने ठरवावे, असा त्यांचा भावार्थ. एखाद्या व्यक्तीने रचलेले गीतही समाजाच्या मौखिक परंपरेत मिसळून गेले तर ते लोकगीतच होय, एवढी मुभा या व्याख्येने ठेवली होती. पुरस्काराची गोष्ट नेमकी उलट. पुरस्कार द्यावयाचा म्हणजे नाव हवे, कृती हवी, वर्ष हवे आणि ती कृती ज्यात बसवावयाची तो वर्गही हवा. या दोन गोष्टींची गाठ पडली म्हणजे काय घडते, हे पाहण्यास कॅनडाचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथे लोकगायकांना पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी गेल्या अर्धशतकात आपल्या वर्गांची नावे अनेकवार पालटली, आणि ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्या प्रत्येक पालटाच्या मुळाशी आहे.

प्रारंभी सन्मान झाला तो मुख्यतः संग्राहकांचा. मारियुस बार्बो यांनी ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहून क्वेबेकची फ्रेंच गीते आणि पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची गीते गोळा केली, १९५६ साली कॅनडाची लोकसंगीत संस्था स्थापन केली, आणि १९६७ साली ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान सुरू होताच त्यातील सर्वोच्च श्रेणी त्यांना मिळाली. नोव्हा स्कोशियात हेलन क्रेटन यांनी १९२८ पासून हेच काम केले. सूर पारखून टिपता यावेत म्हणून त्या लहानशी बाजाची पेटी हातगाडीवर घालून कोळ्यांच्या घरोघर जात. इंग्रजी, फ्रेंच, गेलिक आणि मिगमाॅ भाषांतील मिळून चार हजारांहून अधिक गीते त्यांनी जमविली. १९७६ साली त्यांनाही ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाली, आणि अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांच्या संगीतसंस्थेचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो. हा गौरव सर्वथा योग्य होता. परंतु हॅलिफॅक्स बंदराच्या तोंडाशी असलेल्या डेव्हिल्स आयलंड नावाच्या बेटावर ज्या बेन हेनेबेरी यांच्या तोंडून क्रेटन यांनी कितीतरी गीते उतरून घेतली, ते आज केवळ तिच्या पुस्तकांच्या टिपांतून ओळखीचे राहिले आहेत. गीत ज्याच्या कंठात होते त्याला देण्याजोगा पुरस्कारच त्या काळी कोणाच्या कल्पनेत नव्हता.

क्रेटन यांच्या संग्रहातील ‘फेअरवेल टू नोव्हा स्कोशिया’ या गीताचा पुढील प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एका स्कॉटिश निरोपगीताशी त्याचे नाते स्पष्ट आहे. म्हणजे ते समुद्र ओलांडून आले आणि नव्या भूमीचे नाव धारण करून तेथलेच झाले. १९६०च्या दशकात हॅलिफॅक्सच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ते घरोघर पोचले, आणि आज तो प्रांत त्याला जवळजवळ आपले राष्ट्रगीत मानतो. सातत्य, परिवर्तन व निवड ही तिन्ही लक्षणे येथे पुरेपूर सापडतात. पुरस्कार मात्र कोणाला द्यावा, हे सांगता येत नाही.

या पार्श्वभूमीवर १९७० साली एक निराळीच यंत्रणा उभी राहिली. वॉल्ट ग्रीलिस यांनी १९६४ साली टोरोंटोत ‘आरपीएम’ नावाचे संगीतव्यवसायाचे साप्ताहिक काढले होते. त्यांनी व स्टॅन क्लीस यांनी मिळून त्या साप्ताहिकाच्या वाचकांच्या मतांवर आधारलेले पुरस्कार सुरू केले. पुढील वर्षी त्यांना ‘जूनो’ हे नाव मिळाले. त्यात रोमन देवतेचा उल्लेख दिसतो खरा, परंतु रोख होता तो नभोवाणी-दूरचित्रवाणी आयोगाचे पहिले अध्यक्ष पिएर जूनो यांच्या आडनावावर. याच आयोगाने जानेवारी १९७१ पासून नभोवाणी केंद्रांवर वाजणाऱ्या संगीतापैकी ३० टक्के संगीत कॅनडाचे असले पाहिजे, असा नियम घातला. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रिकांनी व्यापलेल्या वायुलहरींत देशी गायकाला जागा मिळावी, हा त्याचा हेतू.

आता एखादे गाणे ‘कॅनडाचे’ आहे हे ठरवावयाचे कसे? क्लीस यांनी त्यासाठी चार कसोट्या सुचविल्या : संगीतरचना, गायक, ध्वनिमुद्रण आणि शब्द. यांपैकी दोन कॅनडाच्या असल्या की झाले. हे कोष्टक व्यावसायिक गीतांसाठी सोयीचे होते. लोकगीताला ते लावून पाहिले की त्याची मर्यादा दिसते. ओ. जे. ॲबट या वृद्ध गायकाने ओटावा नदीच्या खोऱ्यातील लाकूडतोड्यांच्या छावण्यांत तरुणपणी आत्मसात केलेली आयरिश व ब्रिटिश गीते एडिथ फोक या संशोधिकेच्या प्रयत्नाने १९६१ साली ध्वनिमुद्रिकेवर आली. अशी गीते या कोष्टकात कॅनडाची ठरतात ती गाणारा व मुद्रण तेथले म्हणून. त्या खोऱ्यातील छावण्यांत ती गीते किती काळ घोळली, तेथे त्यांचे शब्द किती पालटले, या गोष्टीला कोष्टकात रकानाच नाही!

जूनोच्या आरंभीच्या वर्षांत ‘फोकसिंगर’ असा एक वर्ग होता. तो ब्रूस कोबर्न व गॉर्डन लाइटफुट यांच्यासारख्यांकडे गेला. हे दोघेही स्वतःची गीते रचून गिटारवर गाणारे. मराठीत लोकगीत आणि भावगीत असा भेद शब्दांतच असल्यामुळे वाचकाला येथे थोडे अडखळल्यासारखे होईल. पण इंग्रजीत १९६०च्या दशकापासून ‘फोक’ हा शब्द दोन्ही अर्थांनी रूढ झाला होता. ऑरिलिया या लाइटफुट यांच्या गावी १९६१ साली सुरू झालेल्या मॅरिपोसा महोत्सवात परंपरागत गायक आणि नवे गीतकार एकाच व्यासपीठावर बसत, त्याचाही या अर्थविस्तारात वाटा असावा. लाइटफुट यांना कर्ते म्हणावे तरी त्यांच्या गीतांची वागणूक पुष्कळदा लोकगीतासारखी आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुपीरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ ही मालवाहू बोट २९ माणसांसह बुडाली. त्यांनी तिच्यावर रचलेले दीर्घ गीत पुढल्याच वर्षी आले आणि जुन्या जहाजबुडीच्या पोवाड्यांच्या पंक्तीला जाऊन बसले. अपघाताच्या कारणासंबंधी नवे संशोधन पुढे आल्यावर, खलाशांवर दोष येऊ नये म्हणून २०१० पासून ते एक ओळ बदलून गाऊ लागले. येथे पाठभेद निर्माण केला तो स्वतः कर्त्यानेच. लाइटफुट २०२३ साली वारले तेव्हा त्यांच्याजवळ जूनोंची मोठी रास आणि ऑर्डर ऑफ कॅनडाची सर्वोच्च श्रेणी होती.

स्टॉम्पिन् टॉम कॉनर्स यांचे तसे नव्हते. बटाटे वाहणारे मालमोटारवाले, खाणकामगार, गावोगावचे खेळाडू हे त्यांच्या गीतांचे विषय, आणि गाताना पायाने ठेका धरून फळी झिजविणे ही त्यांची खूण. संज्ञेच्या मूळ अर्थाने पाहिले तर त्यांच्याइतका ‘लोकांचा’ गायक दुसरा दाखविणे कठीण. जूनोने मात्र त्यांना ‘कंट्री’ या वर्गात घातले. १९७८ साली त्यांनी मिळालेले सहाही जूनो परत केले. अमेरिकेत राहून तेथेच व्यवसाय करणाऱ्यांना कॅनडाचे पुरस्कार का द्यावेत, हा त्यांचा आक्षेप होता. २०१३ साली त्यांचा मृत्यू झाला, तोवर ती चिन्हे त्यांनी पुन्हा स्वीकारली नाहीत.

स्टॅन रॉजर्स यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्यांचा जन्म ओंटारियोतील हॅमिल्टनचा, पण आईवडील नोव्हा स्कोशियाचे. १९७६ साली त्यांनी एक खलाशीगीत रचले. त्यात १७७८ सालच्या एका दुर्दैवी चाचेगिरीच्या सफरीची कहाणी एक वाचलेला खलाशी सांगतो. जहाज, कप्तान, सफर, सारेच कल्पित. परंतु शब्दकळा, ध्रुवपदाची ठेवण आणि वाद्याविना समूहाने म्हणावयाची चाल इतकी परंपरेतली साधली की, ‘बॅरेट्स प्रायव्हेटिअर्स’ हे अठराव्या शतकातलेच गीत आहे असे असंख्य लोक समजून चालतात. खानावळीत बसून ते म्हणणाऱ्यांना कर्त्याचे नाव बहुधा ठाऊकही नसते. २ जून १९८३ रोजी सिनसिनाटी येथे उतरलेल्या विमानात आगीने जे बळी गेले त्यांत रॉजर्स होते. वय अवघे ३३. त्यांना एकही जूनो मिळाला नाही. २००५ साली सीबीसी नभोवाणीने श्रोत्यांच्या सहभागाने कॅनडाच्या सर्वोत्तम पन्नास गीतांची यादी केली, तीत त्यांचे ‘नॉर्थवेस्ट पॅसेज’ चौथे आले. परिषदेच्या व्याख्येतील ‘निवड’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर परीक्षक मंडळांच्या निकालांपेक्षा हीच घटना अधिक उपयोगी पडेल.

जूनोच्या वर्गनामांचा पुढील इतिहास थोडक्यात असा. १९८९ साली ‘रूट्स अँड ट्रॅडिशनल’ हा नवा वर्ग आला. म्हणजे ‘फोक’ शब्द गेला आणि ‘मुळे’ व ‘परंपरा’ हे दोन शब्द आले. त्याच वर्षी बार्बो यांच्या संस्थेनेही आपल्या नावातील ‘फोक’ काढून परंपरेचा उल्लेख घातला. आंतरराष्ट्रीय परिषदेने तर ते १९८१ सालीच केले होते. १९९६ पासून एकल व समूह असे दोन भाग झाले. २०१६ पासून ते मोडून ‘समकालीन रूट्स’ आणि ‘पारंपरिक रूट्स’ असे दोन वर्ग करण्यात आले. ज्या शब्दाला अभ्यासक कंटाळले, तोच २००५ साली एका नव्या संस्थेने आवर्जून उचलला. त्या वर्षीच्या डिसेंबरात क्वेबेकमधील गाटिनो येथे ‘कॅनेडियन फोक म्युझिक अवॉर्ड्स’ प्रथम दिले गेले. जूनोत लोकसंगीताला दोनच वर्ग मिळतात आणि दूरचित्रवाणीच्या झगमगाटात त्यांचा उच्चार क्वचित होतो, या स्थितीला हे उत्तर होते. पारंपरिक गायक, समकालीन गायक, वादक, वाद्यसमूह, बालगीते, नवोदित, परंपरेच्या सीमा ओलांडणारे, असे वर्ग येथे मोकळ्या हाताने केलेले आहेत.

त्यांतील गीतकारांचे वर्ग भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावेत. इंग्रजी गीतकार, फ्रेंच गीतकार आणि मूळ रहिवासी गीतकार असे ते तीन आहेत. पहिली दोन नावे भाषेची, तिसरे मात्र समाजाचे. कॅनडात मूळ रहिवाशांच्या सत्तराहून अधिक भाषा आहेत. त्या साऱ्यांना मिळून एक कोनाडा, आणि त्यातही गीत कोणत्या भाषेत आहे याचा नावात निर्देश नाही. स्थलांतरितांच्या बाबतीतही असाच घोटाळा आढळतो. पाटण्यात जन्मून टोरोंटोत वाढलेल्या किरण अहलुवालिया यांना २००४ व २०१२ साली जूनो मिळाले ते ‘वर्ल्ड म्युझिक’ या वर्गात. आयर्लंडहून आलेले गीत ‘रूट्स’, आणि पंजाबी लोकगीत व गझल मात्र ‘जगाचे’, ही विभागणी संगीताच्या स्वरूपावरून झालेली नाही हे उघड आहे.

मूळ रहिवाशांच्या संगीतासाठी जूनोचा स्वतंत्र वर्ग १९९४ साली सुरू झाला. तो व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत बफी सेंट-मरी यांचे नाव प्रमुख होते. १९६०च्या दशकापासून त्या क्री समाजाच्या गायिका म्हणून जगभर प्रसिद्ध होत्या, आणि प्रौढ वयात सॅस्केचेवानमधील पायपॉट कुटुंबाने त्यांना आपल्या रीतीने दत्तक घेतलेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीसीने त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एका गोऱ्या कुटुंबात झाल्याचे कागदपत्रांच्या आधारे प्रसिद्ध केले. आपण कोणाला फसविले नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२५ च्या आरंभी त्यांची ऑर्डर ऑफ कॅनडा रद्द झाली, आणि मार्चमध्ये त्यांचे जूनो व पोलॅरिस पारितोषिकही काढून घेण्यात आले. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जूनोच्या संस्थेने निर्णयाचे कारण दिले ते त्या कॅनडाच्या नागरिक नाहीत, हे. क्री कोण आणि क्री कोण नव्हे, हा खरा दुखरा प्रश्न पुरस्काराच्या नियमांत मावणारा नव्हता. नागरिकत्वाचा मावत होता.

पोलॅरिस पारितोषिक २००६ पासून दिले जाते आणि त्यात संगीतप्रकारांचे वर्ग नाहीत. कदाचित म्हणूनच वर्गांच्या कुंपणात न बसणारे कलावंत तेथे पुढे आले. २०१४ साली ते तान्या टागाक यांना मिळाले. इन्युइट स्त्रियांचे कंठगान हा मुळात दोघींनी समोरासमोर उभे राहून खेळावयाचा खेळ. टागाक यांनी तो एकटीने गावयाचा केला. २०१८ साली जेरेमी डचर यांचा मान झाला. न्यू ब्रन्सविकमधील वोलास्तोक नदीकाठच्या समाजाचे ते. त्यांची भाषा अस्खलित बोलणारे आता शंभरच्या आसपासच उरले आहेत. विल्यम मेक्लिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९०७ पासून या समाजाची गीते फोनोग्राफच्या मेणाच्या दंडगोलांवर मुद्रित केली होती, आणि ते दंडगोल संग्रहालयात पडून होते. मॅगी पॉल या वृद्ध गायिकेने डचर यांना त्यांचा पत्ता सांगितला. डचर यांनी तेथे बसून एकेक गीत कानाने उतरून घेतले, पियानोवर त्याची मांडणी केली, आणि ध्वनिमुद्रिकेचे नावही आपल्याच भाषेत ठेवले. स्वतःच्या गायनाच्या मधून त्यांनी दंडगोलावरचे ते जुने, खरखरीत आवाज तसेच ऐकू येऊ दिले आहेत. २०२४ साली पोलॅरिस दुसऱ्यांदा त्यांनाच मिळाले. असे दोनदा मिळविणारे ते पहिलेच कलावंत होत. या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आपल्या भाषेबरोबर इंग्रजीतही गीते रचली आहेत.