हवामानबदल, गावकी आणि गायरान

हवामानबदल हे साऱ्या मानवजातीपुढील संकट आहे, असे वाक्य आज सरकारी अहवालांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सर्वत्र वाचायला मिळते. हे वाक्य खोटे नाही. परंतु 'सारा गाव' असे म्हटले जात असताना त्या गावात महारवाडा आणि मांगवाडा धरला जात नव्हता, हा ज्या समाजाचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे, त्याने 'साऱ्या' या शब्दाची झडती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पृथ्वी तापत आहे हे खरे. ती तापल्यावर चटका कोणाला बसतो आणि सावली कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न वेगळा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास सामाजिक शास्त्रे गेली पन्नास वर्षे करीत आली आहेत. त्या अभ्यासाचे सार काय, आणि वेशीबाहेर उभे राहून पाहिले असता त्यात काय कमी पडते, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

निसर्गविज्ञानाची बाजू आता वादातीत आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साईडने पृथ्वीचे तापमान वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना करता २०११ ते २०२० या दशकात ही वाढ सुमारे १.१ अंश सेल्सिअस होती. त्यामुळे उष्णतेच्या लाटा तीव्र झाल्या, पाऊस बेभरवशाचा झाला. मोठे खंड पडतात, आणि पडतो तेव्हा एका दिवसात कोसळतो. येथवर शास्त्रज्ञांचे काम झाले. पुढचे काम समाजाचा अभ्यास करणाऱ्यांचे.

१९७६ साली फेब्रुवारीत ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील देशात भूकंप झाला. सुमारे २३ हजार माणसे मेली. मेलेल्यांत डोंगरातील मूळनिवासी माया लोक आणि राजधानीतील घळींच्या उतारांवर झोपड्या बांधून राहणारे गरीब यांचा भरणा होता. भक्कम घरांत राहणारा धनिक वर्ग बहुतांशी वाचला. भूकंपाचा धक्का एकच होता, मरण मात्र वर्ग पाहून आले. त्याच वर्षी ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर या तीन अभ्यासकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लेख लिहून 'नैसर्गिक आपत्ती' या शब्दातील 'नैसर्गिक' हे विशेषण काढून टाकण्याची भाषा केली. धक्का निसर्गाचा असतो, आपत्ती समाज घडवतो, ही त्यांची मांडणी.

१९८१ साली अमर्त्य सेन यांचा दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. पण त्या वर्षी बंगालात उपलब्ध असलेले धान्य, दुष्काळ नसलेल्या १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, असे सेन यांनी आकडेवारीने दाखवले. धान्य होते, मजूर, कोळी, कारागीर यांचा त्या धान्यावरील हक्क संपला होता. म्हणजे कोठारात किती आहे या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कोठाराचे दार कोणासाठी उघडते हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

या विचाराला आता जगन्मान्यता मिळाली आहे. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०२२ साली जो अहवाल दिला त्यात म्हटले आहे की, २०१० ते २०२० या काळात पूर, अवर्षण आणि वादळे यांनी होणारे मृत्यू दुर्बल प्रदेशांत सुस्थितीतील प्रदेशांच्या १५ पट होते. आपल्या देशातील अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच असा सवाल केला होता की, अमेरिकन माणसाच्या मोटारीचा धूर आणि भारतातील शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरातून निघणारा वायू एकाच मापाने कसा मोजायचा? एक चैनीचा, दुसरा जगण्याचा. हा सवाल रास्त होता. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारत सरकारने दरडोई हिशेबाची हीच भूमिका घेतली.

पण येथेच आपला प्रश्न सुरू होतो. दोन देशांमधील विषमता मोजण्यासाठी जी फूटपट्टी वापरली, ती देशाच्या आत आणली की अनेकांचे हात थरथरतात. भारताचा दरडोई धूर कमी भरतो, कारण कोट्यवधी दलित, आदिवासी, भटके यांच्या घरात जाळायलाच काही नाही. त्यांची गरिबी सरासरीत मिसळायची, जगापुढे न्याय मागायचा, आणि घरी परत आल्यावर त्या न्यायाची वाटणी करायची नाही, हा व्यवहार गावकीच्या ओळखीचा आहे.

आपल्याकडील बहुतेक अहवाल 'गरीब', 'महिला', 'अल्पभूधारक' हे शब्द वापरतात. जात हा शब्द आला तरी एखाद्या कंसात येतो. वस्तुतः बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती आपत्तीच्या काळात सर्वांत स्पष्ट दिसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत छावण्यांतून दलितांना वेगळे काढले गेले, पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला गेला नाही, याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. ज्याची होडी बुडाली त्याचे नुकसान डोळ्यांना दिसले. त्या किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्याची मजुरी बुडाली, ती कोणत्या रकान्यात लिहायची? २००१ च्या गुजरात भूकंपानंतरच्या मदतवाटपाबाबतही असेच आक्षेप नोंदले गेले. समुद्राला जात ठाऊक नसते. मदतीच्या रांगेला मात्र ती पाठ असते.

पाण्याचे पाहा. ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी करून सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ४८.४ टक्के खेड्यांत दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव किंवा भेदभाव असल्याचे आढळले. महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ चे. म्हणजे पाऊणशे वर्षांनंतरची ही स्थिती. पाऊस बरा होतो तेव्हा वाडीच्या आडाला पाणी असते आणि ही बंदी झाकलेली राहते. आड आटला की वाडीतली बाई गावच्या विहिरीवर जाते आणि झाकलेली बंदी उघडी पडते. १९७२ हे महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि तो संताप दलित पँथरच्या उभारणीत उतरला. दुष्काळाच्या इतिहासात मिलो आणि सुकडी येते, ब्राह्मणगाव येत नाही. हवामानबदलाने अवर्षणाचे घाले वाढणार असतील, तर अशा प्रसंगांची शक्यताही वाढते. हा परिणाम अंशांत किंवा मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून तो अहवालात येत नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. त्यातूनच रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. या योजनेने भूमिहीन दलितांना पाटलाच्या वाड्याबाहेर मजुरीचा एक पर्याय दिला, हे तिचे मोठे श्रेय मान्य केले पाहिजे. पण मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले? तलावाच्या खाली ज्याची जमीन, त्याच्या. ज्याने खडी फोडली त्याला मजुरी मिळाली. ज्याची जमीन होती त्याला बारमाही पाणी मिळाले. मजुरी त्या हंगामात संपली, पाणी वारशाने पोरांना गेले. राज्यातील लागवडीच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, असा अंदाज वारंवार दिला जातो. आणि तो ऊस तोडायला बीड-उस्मानाबादच्या कोरड्या गावांतून माणसे कोयता घेऊन निघतात, त्यांत दलित आणि भटके मोठ्या संख्येने असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ पावसाइतकाच या वाटपाचाही होता.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. हवामानाचा आघात सोसण्याची ताकद आपल्या राज्यात बव्हंशी एका कागदावर अवलंबून आहे, तो कागद म्हणजे सातबारा. पीक कर्ज, पीक विमा, अवकाळीची भरपाई, शेततळे, ठिबक हे सारे सातबाऱ्याच्या दारातून आत येते. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून राबवलेल्या, हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीच्या कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांहून अधिक गावे घेतली गेली. त्यात जमीनवाल्यांसाठी शेततळी, ठिबक, फळबागा होत्या. भूमिहीनांसाठी शेळ्या-कोंबड्या होत्या. शेळी वाईट नव्हे. पण शेळी चरायची कोठे?

येथे गायरानाचा प्रश्न येतो. गायरान म्हणजे गावच्या जनावरांसाठी राखलेले, महसुली दप्तरी सरकारचे असलेले रान. वेशीबाहेरच्या माणसाने खडकाळ गायरान फोडून त्याची शेती केली, कारण दुसरी जमीन त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातील एक मुख्य मागणी. मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी हा लढा पुढे अनेक वर्षे चालवला. १९७८ आणि १९९१ साली शासनाने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० ही मुदत ठरवली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची ही तारीख. तरीही पुष्कळांचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही. त्यांच्याजवळ पुरावा म्हणून काय आहे? अतिक्रमणाच्या नोंदवहीतील नोंद आणि दंड भरल्याच्या पावत्या. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवले, तोच कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना, भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. पण ज्याला रीतसर दिलीच नाही, तो अपवादात कसा बसणार? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय आला तेव्हा गायरानावर सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणे असल्याचे शासनाने सांगितले आणि नोटिसा निघू लागल्या.

आणि नेमक्या याच वेळी हवामानबदलावरील उपायाला जमीन हवी झाली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. २०२३ साली तिचा दुसरा, मोठा टप्पा आला. सौर पट्ट्यांसाठी सरकारी जमीन, त्यात गायरानही, वापरण्याची तरतूद झाली. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे. आता हिशेब मांडून पाहू. ज्याच्या नावे पडीक का होईना सातबारा आहे, त्याला सूर्य भाडे देतो. ज्याने दोन पिढ्या गायरान कसले पण नाव चढले नाही, त्याला नोटीस येते. वीज ज्याच्या पंपाला मिळायची त्याच्याकडे विहीर आहे. ज्याचे रान गेले त्याच्याकडे पंप नाही. ज्याने हवेत सर्वांत कमी धूर सोडला, त्याच्याच जमिनीवर धुराचे प्रायश्चित्त घेतले जाते.

याचा अर्थ सौरऊर्जेला विरोध करावा असा कोणी काढू नये. यंत्राला आणि विज्ञानाला नाकारणे ही आपली परंपरा नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात होते, तेव्हा दामोदर आणि महानदीच्या पुरांकडे त्यांनी संकट म्हणून न पाहता साठवून वीज, सिंचन आणि जलवाहतुकीला लावायची संपत्ती म्हणून पाहिले. निसर्गाकडे परत चला, जुने गाव किती सुंदर व स्वयंपूर्ण होते, असे सांगणारा पर्यावरणवाद आपल्याला परवडणारा नाही. त्या गावात पाणी शिवू न देण्याची व्यवस्थाही स्वयंपूर्णच होती. मुकुल शर्मा यांनी २०१७ च्या आपल्या जात व निसर्ग या विषयावरील ग्रंथात भारतीय पर्यावरण चळवळीच्या या आंधळ्या जागेवर बोट ठेवले आहे.

तेव्हा मागणी सोपी आहे. हवामानबदलावरील प्रत्येक पाहणीत जात हा रकाना असावा: उष्माघाताने कोण मेले, टँकरच्या रांगेत कोण मागे राहिले, भरपाई कोणाला मिळाली. गायरान कसणाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासून त्यांची नावे सातबाऱ्यावर चढेपर्यंत ते रान कोणत्याही प्रकल्पाला देऊ नये. आणि जेथे सौर पट्ट्या उभ्या राहायच्याच असतील, तेथे सव्वा लाखाचे भाडे त्याला द्यावे, ज्याने ते रान फोडले. तोवर गायरानधारकांनी दंडाच्या पावत्या, पीक पाहणीचे उतारे, पंचनामे यांच्या प्रती काढून जपाव्यात, आणि ग्रामसभेत गायरानाचा ठराव आला तर तो वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. ज्या ठरावाने घर जाते, तो अनेकदा सर्वानुमते मंजूर झालेला असतो. त्या 'सर्वां'मध्ये आपण होतो की नाही, हे त्याच दिवशी नोंदवहीत लिहून घेतले पाहिजे.