शोधयंत्र अनुकूलन

महाजालावरील संकेतस्थळ शोधयंत्राला सापडावे, त्यातील मजकूर यंत्राला नीट वाचता यावा आणि विचारलेल्या प्रश्नास ते समर्पक असेल, तर उत्तरांच्या यादीत त्यास वरचे स्थान मिळावे, या हेतूने संकेतस्थळाची रचना, मजकूर व इतर स्थळांशी असलेले दुवे यांत केलेल्या सुधारणांना शोधयंत्र अनुकूलन असे म्हणतात. यादीतील जाहिरातींची जागा पैसे देऊन घेता येते. अनुकूलनाचा संबंध जाहिराती वगळून उरणाऱ्या यादीशी असतो. ही संज्ञा १९९७ च्या सुमारास रूढ झाली.

शोधयंत्र प्रश्न विचारला जाताच सारे महाजाल धुंडाळते, ही समजूत बरोबर नाही. त्याचा स्वयंचलित कार्यक्रम एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठावर जात अखंड फिरत असतो व वाचलेल्या शब्दांची निर्देशसूची तयार करतो. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीसारखीच ही सूची असते. प्रश्न येताच केवळ ही सूची पाहिली जाते आणि सापडलेल्या पृष्ठांचा क्रम लावला जातो. या फिरत्या कार्यक्रमाने कोणते भाग वाचू नयेत, हे सांगणाऱ्या फाइलीचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविला. उलट, कोणती पृष्ठे अवश्य वाचावीत हे सांगणारा स्थळनकाशा गूगलने २००५ मध्ये प्रचारात आणला. ज्या पृष्ठाकडे कोठूनही दुवा जात नाही आणि जे स्थळनकाशातही नाही, ते पृष्ठ यंत्राच्या दृष्टीने बहुधा अस्तित्वातच नसते.

या विषयाचे व्यावहारिक महत्त्व रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी चांगले दिसून येते. महाड तालुक्यातील हिरकणीवाडी येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक आहे. किल्ल्यावर येणाऱ्यांची जेवणाची व मुक्कामाची सोय करणे हे या परिसरातील कुटुंबांचे उत्पन्नाचे एक साधन होय. पूर्वी पाहुणा गावात उतरून चौकशी करीत असे. आता तो पुण्यामुंबईत घरी बसून दूरध्वनीवर शोध घेतो व निघण्यापूर्वीच मुक्काम ठरवितो. घरमालकाचे स्वतःचे पृष्ठ त्यास आढळले नाही, तर आरक्षण करणाऱ्या मध्यस्थाचे आढळते आणि खोलीच्या भाड्यातील काही वाटा त्या मध्यस्थाकडे जातो.

येथे पहिली अडचण नावांची आहे. रायगड हे किल्ल्याचे नाव. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ पासून तेच नाव मिळाले आणि छत्तीसगढमधील रायगढ शहर व जिल्हा हिंदीत आणि रोमन लिपीत जवळजवळ तसेच लिहिले जातात. ‘हिरकणी’ या शब्दाचे तर अनेक अर्थ. लेकरासाठी अवघड कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा, तिच्या नावाचा बुरूज, राज्य परिवहनाची निमआराम बस, सार्वजनिक ठिकाणचा स्तनपान कक्ष आणि २०१९ चा चित्रपट, हे सर्व या एकाच शब्दाखाली येतात. त्यामुळे ‘हिरकणी निवास’ एवढेच शीर्षक पुरेसे नसते. पृष्ठाच्या शीर्षकात हिरकणीवाडी, रायगड किल्ला, महाड तालुका व रज्जुमार्ग यांचा निर्देश असेल, तर यंत्राचा आणि वाचकाचा, दोघांचाही घोटाळा टळतो. रोमन लिपीत ‘ण’साठी निराळे अक्षर नसल्याने वाडीचे नाव लोक दोनतीन प्रकारे लिहितात; ती रूपे मजकुरात सहज एकदा येऊ देणे इष्ट. मात्र तोच शब्द पन्नास वेळा घुसडल्याने काही साधत नाही. तसले पृष्ठ माणसालाही वाचवत नाही.

मराठीची म्हणून काही वेगळी दुखणी आहेत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता; तरी त्यानंतर अनेक वर्षे मराठी स्थळे स्वतंत्र फाँट वापरीत. तशा पृष्ठावरील ‘रायगड’ हा शब्द डोळ्यांना नीट दिसे, पण यंत्राला तो रोमन अक्षरांचा निरर्थक क्रम वाटे. आजही दरपत्रक चित्ररूपाने चढविण्याची सवय मोडलेली नाही. चित्रातील अक्षरे काही यंत्रे ओळखतात हे खरे, पण त्यावर विसंबणे योग्य नव्हे. ‘पायऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. याखेरीज मराठी नामाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून येतात. ‘रायगड’, ‘रायगडावर’, ‘रायगडाच्या पायथ्याशी’ ही रूपे एकाच नामाची आहेत हे यंत्राने ओळखावे लागते. म्हणून पाहुणा ज्या शब्दांत विचारील, त्याच नैसर्गिक शब्दांत उत्तर लिहिणे हा उत्तम उपाय होय. पायऱ्यांचा मार्ग कोठून सुरू होतो, वाहन कोठे उभे करावे, पहाटे चहा मिळेल काय, पिठले-भाकरीचा दर किती, हे ज्याने स्पष्ट लिहिले, त्याचे निम्मे अनुकूलन झालेच.

उरलेला भाग दुव्यांचा. दुसऱ्या स्थळावरून आपल्याकडे येणारा दुवा ही एक प्रकारची शिफारस असते. विज्ञानातील निबंधांचे महत्त्व त्यांच्या उद्धरणांवरून जोखण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी तीच दृष्टी महाजालास लावली आणि ‘पेजरँक’ हा गणनविधी सिद्ध केला. त्यावर आधारलेली गूगल कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. या विधीत प्रत्येक पृष्ठाचे भारमूल्य त्यातून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत समान वाटले जाते. सहा भारमूल्याच्या पृष्ठावर तीन दुवे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास दोन येतात. शंभर दुवे असतील, तर फारच थोडे. वाचक दर वेळी दुव्यावरूनच जाईल असे नाही, म्हणून हा वाटा साधारणतः ०·८५ ने गुणतात. ज्यांच्याकडून दुवा येतो, त्यांचे भारमूल्यही याच रीतीने ठरत असल्याने गणना पुनःपुन्हा करावी लागते. सध्या दुवे हा क्रम ठरविणाऱ्या अनेक घटकांपैकी केवळ एक घटक आहे.

शिफारशीला मोल आले की तिचा बाजारही भरतो. एकमेकांना दुवे देणाऱ्या स्थळांच्या टोळ्या, विकत घेतलेले दुवे, केवळ यंत्रासाठी रचलेली फसवी पृष्ठे असे प्रकार बोकाळले. फसव्या पृष्ठांमुळे जर्मनीतील बीएमडब्ल्यूचे स्थळ फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलच्या सूचीतून काही काळ वगळले गेले. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानाकडे असंबद्ध स्थळांवरून हजारो दुवे जात असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये उघड केल्यावर त्याचे स्थान एकाएकी घसरले. आपणास याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. निकृष्ट मजकुराविरुद्ध ‘पांडा’ (२०११) व कृत्रिम दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’ (२०१२) हे बदल त्यानंतरचे. शिफारस म्हणून धरू नये अशा दुव्यावर खूण करण्याची सोय जानेवारी २००५ पासून आहे व विकिपीडियातील बाह्य दुव्यांवर हीच खूण असते. तेव्हा तेथे आपला दुवा घुसविण्याचा खटाटोप व्यर्थच. ‘पहिला क्रमांक हमखास’ असे आश्वासन देऊन ठरावीक रकमेत शेकडो दुवे पुरविणारे आजही भेटतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. मोठी कंपनी दंड सोसून पुन्हा उभी राहते. चार खोल्यांच्या घरमालकाचा मात्र सारा हंगाम बुडतो.

उपयुक्त दुवे ओळखीतून येतात. गिर्यारोहण मंडळे, सहली नेणाऱ्या शाळा, इतिहासाभ्यासकांची मंडळे, वृत्तपत्रे ही त्यांची उगमस्थाने. रायगडासह बारा किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने या किल्ल्याविषयी नवे लेखन होत राहणार. गावकऱ्याने बुरूज, वाटा व परिसर यांची स्वतः पाहिलेली माहिती नीट लिहून ठेवली, तर त्या लेखनातून तिच्याकडे बोट दाखविले जाण्याचा संभव असतो.

लहान व्यावसायिकास संकेतस्थळाइतकीच नकाशावरील नोंदही महत्त्वाची असते. स्थानिक शोधात समर्पकता, अंतर व ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल सांगते. नोंदीतील बिंदू चुकून पाचाडला पडला, तर पाहुणा तेथेच जाऊन उभा राहतो. नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सर्वत्र एकसारखे असावेत. डोंगराच्या आडोशास मोबाइलचे जाळे क्षीण असल्याने पृष्ठ हलके ठेवावे. मोठ्या छायाचित्रांनी ते उघडायलाच वेळ लागतो.

भारतात ऑगस्ट २०२४ पासून गूगलने काही प्रश्नांना यादीच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर देण्यास आरंभ केला. ते उत्तर वाचून समाधान झालेला वाचक मूळ स्थळाकडे वळतोच असे नाही. इतिहासाची सर्वसामान्य माहिती देणाऱ्या स्थळांना याची झळ अधिक लागते. आज रात्री खोली रिकामी आहे काय, हे मात्र घरमालकालाच विचारावे लागते. त्यासाठी त्याचा दूरध्वनी क्रमांक पृष्ठावर चित्रात न देता अक्षरी मजकुरात द्यावा.