दिवस गेल्यावर रक्त दिसले तर

दिवस गेले की पाळी थांबते. तरीही पहिल्या तीन महिन्यांत शंभरांतल्या सुमारे २५ बायकांना थोडेफार रक्त जाते. रक्त दिसले म्हणजे गर्भ पडलाच, असे नव्हे. यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना पुढे मूल होते.

म्हणून घाबरू नये. पण दुखणे अंगावरही काढू नये. नुसता डाग दिसला तरी त्याच दिवशी आशाताईला सांगून दवाखाना गाठावा. सोनोग्राफीत गर्भ कुठे आहे ते दिसते. कधी गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत वाढतो. नळी फुटली तर पोटात रक्त साचते. मग आईचा जीव जाऊ शकतो. पोटात कळा, चक्कर, खांद्यात दुखणे, तासाभरात कापडाची घडी चिंब भिजणे, यांतले काहीही झाले तर लगेच १०८ ला फोन करावा. रात्र असो की सुगी, थांबू नये.

गर्भ पडला, तर बहुतेक वेळा तो मुळातच नीट घडलेला नसतो. दृष्ट, ग्रहण यांचा त्यात काही संबंध नाही. आमचे सासवांना एवढेच सांगणे, सुनेला बोल लावू नका. अंगाऱ्यात वेळ दवडू नका. तिला गाडीत बसवा, आणि तुम्हीही सोबत जा.