कथनातील निवड : वगाचा प्रेक्षक आणि व्हिडिओ गेमचा खेळाडू

कथाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्यास जागोजागी निर्णय घ्यावे लागतात. कोणास वाचवावयाचे, कोणाशी खरे बोलावयाचे, कोणती वाट धरावयाची, हे तो ठरवितो. या निर्णयांनी कथेत खरोखर काही बदलते काय, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा वाटतो. वस्तुतः तो कथनमीमांसेचा आहे. संहितेचा अधिकार कोठे संपतो आणि आस्वादकाचा कोठे सुरू होतो, हे त्यात विचारलेले असते. या अधिकाराच्या देवघेवीचा दीर्घ अनुभव तमाशाच्या वगाने घेतलेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात गेम आणि वग शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

प्रथम गेमचे उदाहरण घेऊ. २०१२ साली आलेल्या ‘द वॉकिंग डेड’ या पाच भागांच्या गेममध्ये, खेळणाऱ्याच्या निर्णयांप्रमाणे कथा आकार घेते असे आरंभीच सांगितले जाते. पहिल्या भागात डग आणि कार्ली या दोघांपैकी एकासच वाचविता येते. निवड अवघड असते, वेळ थोडा असतो. परंतु ज्यास वाचवावे तो तिसऱ्या भागात त्याच ठिकाणी, त्याच व्यक्तीच्या गोळीने मरतो. गेम दुसऱ्यांदा खेळणाऱ्यास हे कळते आणि आपली फसवणूक झाली असे त्यास वाटते.

या फसवणुकीमागे एक साधे गणित आहे. प्रत्येक वेळी दोनच पर्याय दिले आणि प्रत्येक वाट स्वतंत्र ठेवली, तर दहा निर्णयांनंतर १०२४ वाटा होतात. तेवढे लेखन, चित्रण आणि ध्वनिमुद्रण कोणत्याही निर्मात्यास परवडणारे नाही. म्हणून वाटा थोड्या अंतरापुरत्या फुटतात आणि पुढील एखाद्या अटळ प्रसंगाशी पुन्हा एकत्र येतात. ज्या गेममध्ये शेवट अनेक असतात, तेथेही मधला बराचसा मार्ग सामाईकच असतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेल्या आणि २०२० साली प्रकाशित झालेल्या ‘राजी’ने तर हा खटाटोपच केलेला नाही. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा तो एकाच सरळ रेषेत सांगतो, आणि खेळणाऱ्याचे कर्तृत्व लढण्यापुरते व वाट काढण्यापुरते ठेवतो. मला यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो.

आता वगाकडे वळू. माळशेज घाटाच्या माथ्याकडील मढपासून पूर्वेकडील नारायणगावापर्यंतचा जुन्नर तालुक्याचा पट्टा तमाशाच्या अभ्यासकास परिचित आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी यात्रेसाठी सुपारी ठरविण्यास तेथे येतात. कोणता फड आणावयाचा हे ठरविणे ही गावाची पहिली निवड होय. दुसरी निवड प्रयोगात होते. गण, गवळण, बतावणी यांनंतर वग उभा राहतो तो प्रायः लिखित संहितेवाचून. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक असतो; संवाद त्या त्या रात्री घडतात. प्रेक्षकांतून कोणी आवाज टाकला की सोंगाड्या तो उचलतो, त्यावर चढ करतो, प्रसंग लांबवितो किंवा आखडता घेतो.

‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभाराची भूमिका गाजविणारे दादू इंदुरीकर यांचे मोठेपण या हजरजबाबीपणात होते. तथापि कोणत्याही गावच्या प्रेक्षकांनी कितीही गिल्ला केला, तरी राजकन्येचे लग्न गाढवाशी लागावयाचे आणि शापित गंधर्व मुक्त व्हावयाचा, यात बदल होत नसे. म्हणजे शेवटाच्या दृष्टीने पाहिले तर वगाचा प्रेक्षक गेमच्या खेळाडूपेक्षाही परतंत्र ठरतो. त्याला फसवणूक झाली असे मात्र कधी वाटले नाही.

असे का व्हावे? माझ्या मते ‘निवडीला अर्थ आहे काय’ या प्रश्नात दोन प्रश्नांची गल्लत होते. एक परिणामाचा, दुसरा प्रतिसादाचा. माझ्या निवडीने पुढे काय घडते, हा पहिला. माझी निवड कोणी ऐकली काय, हा दुसरा. वगात परिणाम बांधलेला आणि प्रतिसाद मोकळा असतो. निर्मात्यालाही अपेक्षित नसलेले वाक्य प्रेक्षक बोलू शकतो आणि त्याला उत्तर मिळते. गेममध्ये परिणामाला थोड्या फांद्या असतात, पण प्रतिसाद मात्र पूर्वीच लिहून ठेवलेला असतो. यादीत नसलेला पर्याय खेळणाऱ्याच्या मनात आला तर तो व्यक्त करण्यास जागा नाही.

१९९७ साली जॅनेट मरी यांनी संगणकीय कथनातील कर्तृत्वाच्या सुखाची मीमांसा केली, आणि त्याच वर्षी एस्पेन ऑर्सेथ यांनी वाचकाच्या श्रमावाचून न उलगडणाऱ्या संहितांची चर्चा केली. दोघांच्याही विवेचनात यंत्र केंद्रस्थानी आहे. समोर जिवंत नट असला म्हणजे या कर्तृत्वाचे काय होते, हे मात्र आपल्याला लोकरंगभूमीवरून सांगता येण्याजोगे आहे.

परंतु डग किंवा कार्ली अखेरीस मरतात म्हणून ती निवड पोकळ ठरते, असेही मी म्हणणार नाही. मधल्या काळात कोणाशी बोलणे झाले, कोणाच्या मृत्यूचे दुःख झाले, हे निवडीनेच ठरलेले असते. हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट ठाऊक असूनही श्रोता प्रत्येक कसोटीला अस्वस्थ होतो. गेममध्ये त्या अस्वस्थतेत उत्तरदायित्वाची भर पडते.

या तुलनेत वगाची बाजू अकारण उजळ होऊ नये. मोकळ्या प्रतिसादाची किंमत कोणीतरी मोजत असते. दौलतजादा हीही प्रेक्षकाची निवडच होती; पैसा दाखवून हवी ती लावणी मागावयाची, आणि ती स्त्री कलावंताने थकलेल्या देहाने पुरी करावयाची. गेममधील पात्राला देह नाही, त्यामुळे खेळणाऱ्याच्या क्रौर्याची झळ कोणास लागत नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयी वारंवार सांगितला जाणारा प्रसंग येथे आठवतो. दिवस भरलेले असता त्या नाचत होत्या. मध्येच पडद्यामागे प्रसूत होऊन पुन्हा रंगमंचावर आल्या. झाला प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबविण्यास सांगितले. ती निवड कथेतील नव्हती, कथेविषयीची होती. गेमच्या जगातही असा एक प्रकार घडला आहे. २०१२ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘मास इफेक्ट ३’चा शेवट, आधीच्या भागांतील निर्णयांना न्याय देत नाही म्हणून खेळाडूंनी नाकारला. त्याच वर्षी जूनमध्ये निर्मात्यांना तो शेवट वाढवून पुन्हा द्यावा लागला. गेमच्या आत तीन भागांत घेतलेल्या निर्णयांनी जे साधले नाही, ते गेमबाहेरील तक्रारीने काही अंशी साधले.

आपली संशोधनपद्धती मात्र अद्याप छापील प्रतीवर विसंबते. वगाची छापील प्रत हा फक्त सांगाडा असतो, आणि गेमचा सारांश ही त्यातील एकच वाट असते. एकच वग दोन गावच्या यात्रांत कसा झाला, एकच गेम दोन विद्यार्थ्यांनी कसा खेळला, याच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर निवडीचे माप काढता येईल. विठाबाईंच्या त्या रात्री कोणता वग लागला होता, हे त्या प्रसंगाच्या कथनांत सहसा येत नाही. खेळ थांबला एवढेच येते.